जामीनदार सीमेपलीकडचा असेल तर?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खून खटल्यातल्या सहा आरोपींना जामीन दिला, तेव्हा बेळगावात अनेकांच्या ते जिव्हारी लागले. साहजिकच होते. कोल्हापूर आम्हाला लांब नाही आणि पानसऱ्यांची भाषणे ऐकून चळवळीत आलेली माणसे या भागात गावोगाव आहेत. ती बातमी वाचताना मलाही त्रास झाला. तरीही तो जामीन चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. का म्हणणार नाही ते सविस्तर सांगायला हवे, कारण गंभीर गुन्ह्यातल्या जामिनावर आपल्याकडे जो राग व्यक्त होतो तो बहुतेक वेळा खरा असतो, पण ज्याच्यावर निघायला हवा त्याच्यावर निघत नाही.

पानसऱ्यांवर हल्ला झाला फेब्रुवारी २०१५ मध्ये. आरोपींवर आरोप निश्चित झाले जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या आठ वर्षांत तपास यंत्रणा बदलल्या, अर्जांवर अर्ज झाले, तारखा पडल्या, आणि खटला म्हणजे ज्याला साक्षीपुरावा म्हणतात तो सुरूसुद्धा झाला नाही. सहा-सहा वर्षे आत असलेल्या माणसांचा खटला कधी संपेल हे कुणीच सांगू शकत नसेल, तर न्यायालयाने करायचे काय? पत्रकार गौरी लंकेश यांच्या खून खटल्यातही तेच झाले. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यातल्या एका आरोपीला जामीन दिला, तेव्हा ५२७ साक्षीदारांपैकी ९० जणांच्याच साक्षी झाल्या होत्या. हा हिशेब पाहिल्यावर जामीन देणाऱ्या न्यायमूर्तींवर चिडण्यात अर्थ नाही. पानसऱ्यांच्या घरच्यांना न्याय नाकारला तो त्या आठ वर्षांनी. जामिनाच्या आदेशाने ती वर्षे फक्त सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणली.

दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. खुनाला तेव्हा अकरा वर्षे होत आली होती. पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. त्या तिघांविषयी ज्याला जे वाटायचे ते वाटो. पण कोण दोषी ठरणार आणि कोण सुटणार हे अटकेच्या दिवशी कुणाला ठाऊक नव्हते, हे तरी मान्य करावे लागेल. देशभरात खुनाच्या ज्या खटल्यांचे निकाल लागतात, त्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. त्यात साक्षीदार फुटल्यामुळे सुटलेले गुन्हेगार असतात, तसे विनाकारण गोवलेलेही असतात. आणि दोघांनीही आत काढलेले दिवस सारखेच मोजले जातात.

खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांना तुरुंगातल्या भाषेत कच्चे कैदी म्हणतात. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. चारांतले तीन. शिक्षा झालेले कैदी आपल्या तुरुंगांत अल्पसंख्य आहेत. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असे सांगितले, तेव्हापासून प्रत्येक वकील ते वाक्य अर्जात घालतो. व्यवहार उलटाच राहिला.

गंभीर गुन्ह्यांत तर कायद्यानेच दार निम्मे लावून ठेवले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर जामीन, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळातच. चांगली तरतूद आहे. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला ती लागू नाही. म्हणजे खुनाच्या आरोपातला माणूस पाच वर्षे, आठ वर्षे, दहा वर्षे खटल्याविना आत राहिला तरी या कलमाखाली त्याला काही मागता येत नाही. त्याला उरते ते फक्त जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारे घटनेचे कलम २१ आणि त्यासाठी लढणारा वकील. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये जावेद शेख प्रकरणात, आरोप कितीही गंभीर असला तरी जलद खटल्याचा हक्क जात नाही, असे स्पष्ट केले. तो निकाल शोधून, त्याची प्रत लावून, धारवाडच्या खंडपीठात अर्ज करण्याची ऐपत खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किती घरांत आहे? २००८ पासून धारवाडला उच्च न्यायालय आले म्हणून निदान बंगळूरची वारी टळली, एवढाच दिलासा.

माझे म्हणणे सरसकट सोडा असे नाही. जामिनाच्या वेळी न्यायालयापुढे प्रश्न तीनच असतात: हा माणूस पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुन्हा कुणाच्या जिवावर उठेल का. गुन्ह्याचे गांभीर्य या प्रश्नांची उत्तरे शोधताना विचारात घ्यायचे असते; ते स्वतःच उत्तर नव्हे. एका नामवंत कन्नड नटावर खुनाचा आरोप असलेल्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जामीन दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तो रद्द केला. तिथे पैसा, प्रसिद्धी आणि तुरुंगातही सवलती मिळवण्याइतके वजन हे सगळे समोर होते. साक्षीदारांना अशा माणसाची भीती वाटणे खरे आहे. पण बांधाच्या भांडणात मारामारी झाली, एक जण दगावला, आणि फिर्यादीत सख्खे-चुलत धरून पंधरा-वीस नावे गेली, अशा खटल्यातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचे काय वजन असते? आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या खटल्यांत हे नित्याचे आहे. काठी एकाने चालवलेली असते, पण बेकायदा जमावाचे कलम लागले की अंगणात उभी असलेली सूनही खुनाची आरोपी होते. तिचा अर्ज नामंजूर करताना 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे' एवढे एक वाक्य पुरत असेल, तर न्यायालयाने तिच्याविषयी काहीच ठरवलेले नसते.

आणि समजा जामीन मंजूर झाला. सीमाभागातली खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

आदेशात लिहिलेले असते: अमुक रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक किंवा दोन सक्षम जामीनदार. कोर्टाच्या आवारात कुठल्याही कामाच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेल्या बायका दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणी या एका ओळीसाठी आलेल्या असतात. पिशवीत आधार कार्ड असते, पासपोर्ट आकाराचे फोटो असतात, आणि जमिनीचा उतारा असतो. उतारा कन्नडमध्ये, आधारवर नाव इंग्रजीत, मतदार यादीत तिसऱ्याच पद्धतीने. वडिलांचे नाव एका कागदावर यल्लाप्पा, दुसऱ्यावर यल्लोजी. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव, कारण वारसा लावायचा राहिला. माणूस एकच आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, मग त्याचा खर्च, मग पुढची तारीख. आदेश होऊनही आरोपी आतच.

त्यातून मामा चंदगड तालुक्यातला असला की संपलेच. सातबारा महाराष्ट्राचा, तो इथे चालेल का, याची खात्री कोण करणार, स्थानिक जामीनदार आणा. चंदगड तालुक्यातलीच शिनोळी बेळगावपासून किती लांब आहे? बेळगावची माणसे रोज तिथल्या कारखान्यांत कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतात. कर्नाटकातली अथणी बेळगावहून शंभरावर किलोमीटर आहे. पण अथणीचा अनोळखी शेतकरी 'स्थानिक' ठरतो आणि शिनोळीचा सख्खा मामा परका. जामीनदार मागण्यामागचा हेतू आठवला तर यातली विसंगती लगेच कळते. ज्याच्या शब्दाला आरोपी मान देतो, जो तारखेला त्याला धरून कोर्टात उभा करेल, असा माणूस हवा असतो. तो मामाच असतो, सासरा असतो, थोरला मेव्हणा असतो. त्यांना नाकारले की कुटुंबाला उरतो तो भाड्याचा जामीनदार. देशभरच्या कोर्टांभोवती असे लोक घुटमळत असतात. पैसे घेऊन ते सही करतात आणि आरोपीचे तोंड पुन्हा पाहत नाहीत. म्हणजे स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरून कोर्टाच्या हाती काय लागते, तर ज्याचा आरोपीवर कसलाच वचक नाही असा एक अनोळखी सहीवाला.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तरही केव्हाच दिलेले आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने त्यासाठी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि मोतीरामचा भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर जे लिहिले ते सीमाभागातल्या प्रत्येक वकिलाच्या टेबलावर असायला हवे. जामीनदार याच जिल्ह्याचा हवा, अर्ज याच भाषेत हवा, असे कोणता कायदा सांगतो, हा त्यांचा प्रश्न होता. मल्याळी, कन्नडिग, तमिळ माणसाला बस्तरमध्ये किंवा चांदणी चौकात अटक झाली तर त्याने तिथला जामीनदार कुठून आणायचा, असे त्यांनी विचारले, आणि अशा वागण्याने भारतीय माणूस आपल्याच देशात परका होतो असा इशारा दिला. मोतीरामला त्यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले.

त्यानंतर ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही सुटका न झालेल्या कैद्यांसाठी निर्देश दिले. आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचवायची. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, म्हणून न्यायालयांनी ही अट घालू नये, असेही त्यात सांगितले आहे. एवढे सगळे लिहून झाल्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या कोर्टांत मामाचा सातबारा परत का जावा?

पडताळणीची सबब आता टिकणारी नाही. कर्नाटकाचा 'भूमी' आणि महाराष्ट्राचा 'महाभूलेख' दोन्ही ऑनलाइन आहेत. डिजिटल सहीचा सातबारा काही मिनिटांत निघतो, आणि तो खरा की खोटा हे कोर्टाचा कर्मचारी जागेवर बसून तपासू शकतो. बेळगावच्या जिल्हा न्यायालयाने एक परिपत्रक काढून लगतच्या राज्यातला उतारा स्वीकारायची पद्धत घालून दिली, तर कुठलाही कायदा बदलावा लागणार नाही. हेच कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या न्यायालयांनाही सांगायला हवे. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड घरातला मुलगा तिकडे अडकला आणि त्याचा जामीनदार विजापूर जिल्ह्यातला असला, तर त्याची हीच परवड होते. मराठी माणसाने स्वतःपुरते मागणे मांडू नये; तसे मांडले तर ते टिकणारही नाही.

सरकारी पक्षाकडून याला एक ठरलेले उत्तर येते. आरोपीचे नातेवाईक महाराष्ट्रात आहेत, तो सीमा ओलांडून पळेल. या भागात कुणाचे नातेवाईक पलीकडे नाहीत? आमच्या मुली गडहिंग्लजला दिल्या, सुना आजऱ्याहून आणल्या. सोयरीक हा पळून जाण्याचा पुरावा धरायचा तर सीमाभागातल्या एकाही मराठी माणसाला जामीन मिळायचा नाही. वॉरंट देशभर चालते, कायदा दोन्ही राज्यांत एकच आहे. उलट पलीकडच्या सोयरिकीचा उपयोगच करून घेता येईल. खुनाच्या खटल्यातला आरोपी सुटून आला की तो त्याच गल्लीत, मयताच्या दारासमोरून हिंडतो, ही गावातली सर्वांत मोठी भीती असते आणि ती रास्त आहे. मग खटला संपेपर्यंत त्याने गावात पाऊल टाकू नये, सासुरवाडीला राहावे, चंदगडच्या पोलीस ठाण्यात दर आठवड्याला हजेरी द्यावी, अशी अट घाला. साक्षीदारही सुरक्षित, आरोपीही कोंडलेला नाही. अशा अटी घालायला न्यायालयांना पूर्ण अधिकार आहे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आला की चर्चा सीमाप्रश्नाकडे वळते आणि आतला माणूस विसरला जातो. पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र कन्नडमध्ये असते. राज्याच्या न्यायालयांची ती भाषा आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. इथले कित्येक कन्नड वकील मराठी अशिलांशी अस्खलित मराठीत बोलतात, त्यांच्यासाठी झटतात. पण ज्याच्यावर जन्मठेपेचा आरोप आहे त्याला आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे ते स्वतः वाचता येऊ नये, हे चालवून घेण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, असा निकाल दिला. हा निकाल मराठी गावांतल्या पोलीस ठाण्यांत पाळला जातो का, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. ही कारणे समजली तर वकील पहिल्याच रिमांडला बोलू शकतो. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो, हेही कळले तरच मागता येते. आले की तो हक्क गेला.

आता दुसरी बाजू, आणि ती मी दुय्यम मानत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या नव्या वंटमुरीत एका आईला विवस्त्र करून खांबाला बांधले, कारण तिच्या मुलाबरोबर गावातली मुलगी निघून गेली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे मूळचे निपाणीचे. त्या बाईच्या जागी उभे राहून विचार केला तर आरोपीच्या जामिनाची सुनावणी केव्हा आहे हे तिला कळायलाच हवे आणि तिचे म्हणणे ऐकूनच आदेश व्हायला हवा. शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडितांचा हा हक्क मान्य केला, त्यांना न ऐकता दिलेला जामीन रद्दही केला. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे. प्रत्यक्षात मयताच्या बायकोला आरोपी सुटल्याचे बाजारात भाजी घेताना कळते. हा तिचा अपमान आहे, आणि त्यावर उपाय आरोपीला आणखी चार वर्षे डांबणे हा नव्हे. तिला नोटीस द्या, तिच्या भाषेत द्या, तिच्यासाठी वकील द्या, आणि खटला वर्षात उभा करा.

दुसरे एक दृश्य ऑक्टोबर २०२४ मध्ये विजापुरात दिसले. गौरी लंकेश खटल्यात जामिनावर सुटून आलेल्यांच्या गळ्यात हार घातले गेले, सत्कार झाला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे हे हार घालणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. अशा मिरवणुका सामान्य कच्च्या कैद्याचे सर्वांत जास्त नुकसान करतात. त्या पाहून लोक म्हणतात, बघा, जामीन दिला की हे होते. आणि पुढच्या अर्जावर बसलेल्या न्यायाधीशाच्या मनावरही त्याचे ओझे येते.

सीमाभागातल्या मराठी समाजाला हा विषय खरे तर सर्वांत आधी समजायला हवा. बेळगावजवळचा हिंडलग्याचा तुरुंग आमच्या दोन-तीन पिढ्यांनी आतून पाहिला आहे. १९५६ पासूनच्या प्रत्येक आंदोलनात कुणाचा तरी बाप, काका, भाऊ तिथे जाऊन आला. आत गेलेला म्हणजे गुन्हेगार, असे आम्ही त्यांच्याबाबत कधी मानले नाही. त्यांचे खटले वर्षानुवर्षे लांबले, ते तारखांना जात राहिले, आणि कलमे किती सहज वाढवता येतात हे आम्ही पाहिले. मग बांधाच्या भांडणात गोवलेल्या, किंवा खरोखरच हात उगारलेल्या पण अजून दोषी न ठरलेल्या, एखाद्या गरीब पोराचा जामीन अर्ज आला की आमच्यातलेच लोक 'कशाला सोडायचा' का म्हणतात? आंदोलनातल्या माणसांसाठी वकिलांची फळी उभी करणाऱ्या आमच्या संघटनांनी या पोरांसाठीही एक टेबल मांडावे. कायदा काही अडवत नाही. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. १५१०० हा त्याचा फोन नंबर आहे. जामिनाची रक्कम भरता येत नाही अशा गरीब कैद्यासाठी २०२३ पासून केंद्राची आर्थिक मदतीची योजना आहे, भ्रष्टाचार, अमली पदार्थ, दहशतवाद आणि मनी लाँडरिंगचे गुन्हे वगळून. या दोन्ही गोष्टी मराठीतल्या एका पानावर छापून खानापूर, उचगाव, येळ्ळूर, कडोलीच्या ग्रामपंचायतींत लावायला किती खर्च येईल?

आणि एक माहिती आपण सर्वांनी मिळून मागायला हवी. आज हिंडलग्यात असे किती कच्चे कैदी आहेत ज्यांचा जामीन मंजूर होऊन महिना उलटला, पण जामीनदार नाही म्हणून ते आतच आहेत? त्यांतल्या किती जणांचे जामीनदार सीमेपलीकडचे म्हणून नाकारले गेले? जामीन मिळूनही न सुटलेल्यांची माहिती प्राधिकरणाला कळवणे २०२३च्या निर्देशांनी तुरुंगाचे कामच ठरवले आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा असतो. तो बेळगावच्या वकिलांनी करावा, आणि त्याच दिवशी तसाच एक अर्ज कोल्हापुरातल्या कळंबा कारागृहाकडेही जावा.